देवाआधी पिकलेलं भात

रास घातली त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं करंजोळं ती बघून गेलं. कुणी दोन शब्द बोललं, कुणी नुसतंच बघितलं. काहींनी मूठभर दाणे उचलून दातांखाली फोडून पाहिले, जसा काही आत तांदळाऐवजी खडू निघणार होता.

नथू थोरवे राशीजवळ खराटा घेऊन उभा होता. सांडलेलं सगळं केव्हाच लोटून झालं होतं. तरी तो हलत नव्हता. आषाढात हीच माणसं त्याच्या बांधावर उभी राहून हसली होती. वडगावच्या पंचायत समितीतून त्यानं आयआर-आठचं बियाणं डोक्यावरून आणलं आणि पाणथळीच्या खाचरात लावलं, तेव्हा गावानं त्या भाताला 'नथूचं ठेंगणं' नाव ठेवलं होतं. शेजारचा आंबेमोहर कमरेला लागला आणि हे गुडघ्याशीच थांबलं. मग लोंब्या आल्या, आणि त्या लोंब्यांचं वजन बघून हसणारी तोंडं हळूहळू मिटली. एका खाचरात दोन खाचरांचं भात निघालं. अडुसष्ट साली करंजोळ्यात ठेंगण्याचं नाव आठ नंबर झालं, आणि नाव बदललं हे कुणी कबूल केलं नाही.

पण राशीभोवती राखेची रेघ होती. ती आबांनी, नथूच्या बापानं, स्वतःच्या हातानं काढली होती.

ह्या गावात बहिरोबाला नवं चढल्याशिवाय नवा दाणा चुलीवर चढत नाही, आणि मजुराच्या पदरातही पडत नाही. नवं चढवायचा मान थोरव्यांच्या थोरल्या घराचा, म्हणजे आबांचा. ते चढायचं देवाच्या खाचरातल्या आंबेमोहराचं. आजवर त्यात काही अडलं नाही, कारण सगळ्यांचं भात बहुतेक एकदमच पिकायचं. नथूनं बियाणं आणलं, पांढरं खत आणलं, दोरी धरून ओळी लावल्या, सगळं बियाण्याबरोबरच्या कागदात सांगितल्याप्रमाणे केलं. फक्त एक विसरला. आठ नंबर लवकर पिकतं, आणि देव उशिरा जेवतो. देवाचं खाचर अजून हिरवं होतं. ते पिकायला महिना तरी पाहिजे होता. दारात भाताची रास, आणि घरातलं नाचणीचं मडकं तळाला गेलेलं.

"नथूभाऊ," मागून आवाज आला.

ठाकरवाडीची येसू होती. मागे तिच्या चार बाया, काखेत रिकाम्या पाट्या. कापणी ह्यांनी केली, झोडणीही ह्यांनीच केली.

"आमचं कवा देताय?"

"रेघ दिसती न्हवं येसू?"

"दिसती की. माझं डोळं चांगलं हायती." तिनं पाटी खाली ठेवली आणि तिच्याच काठावर टेकून बसली. "पर मला एक सांगा. आवंदाच ह्यो देव एवढा कडक का झाला? परवाच्या सालाला पाऊस लवकर गेला, वरची खाचरं आधी कापली. तवा कामशेतच्या व्यापाऱ्याची गाडी ह्याच खळ्यावर आलती. पोती भरून गेली. देवाचं खाचर तवा उभंच हुतं. त्या गाडीला कुणी रेघ दावली न्हाई."

"ते इकलं. खाल्लं न्हाई."

"व्हय. आमीच तेवढं खातो," येसू म्हणाली आणि बायांकडे बघून हसली. बायाही हसल्या. नथूला मात्र हसू आलं नाही. तो खराटा घेऊन पुन्हा लोटलेलंच लोटायला लागला.

दुपारी भावकी ओसरीवर बसली.

बजरंग, आबांचा थोरला, देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला होता. सुट्टी टाकून सकाळच्या गाडीनं कामशेतला उतरला आणि चालत आला. विजारीच्या टोकांना चिखल लागला होता, तो त्यानं घरात शिरायच्या आधी काडीनं खरवडून काढला. रास बघून त्याचा ऊर भरून आला होता, हे खरं. डेपोतल्या माणसांना तो सांगणार होता की आमच्या नथ्यानं असं असं केलं. पण ओसरीवर बसल्यावर त्याची नजर वर गेली. छपराचा पेंढा काळा पडला होता आणि एका कोपऱ्यातून आभाळ दिसत होतं.

"पेंढ्याचं काय करणार?" त्यानं विचारलं.

"कसल्या पेंढ्याचं?" नथू.

"आठ नंबरच्या. हातभर काडी. ती छपरावर घालणार का बैलाच्या तोंडात? लोकं दाण्याचं बोलत्यात, काडीचं कुणी बोलत न्हाई."

आबा खांबाला टेकून बसले होते. ते म्हणाले, "हे मी पयल्या दिवशी बोललो हुतो."

"आबा, तुमी पयल्या दिवशी सगळंच बोलला हुता," नथू म्हणाला. "हे उगवायचं न्हाई, उगावलं तर वाढायचं न्हाई, वाढलं तर भरायचं न्हाई. आता काडी आखूड म्हन्ता. खरं हाय, आखूड हाय. बैलाला बांधावरचं गवत कापीन. पर दाना बगा की."

"दाना बगितलाय म्या."

विठ्ठल, आबांच्या चुलतभावाचा मुलगा, सुपारी कातरत बसला होता. आबांच्या मानावर त्याच्या घराचा डोळा त्याच्या आज्यापासूनचा. तो सावकाश बोलला, म्हणजे आता काय बोलायचं ते घरून ठरवून आला होता.

"आबा, दान्याचं आमाला काय बी म्हनायचं न्हाई. नथूनं पिकीवलं, आनंद हाय. पर रीत ती रीत. बहिरोबाला आंबेमोहर चढतो. त्याचा वास देवळापासनं वेशीपातूर येतो तवा गावाला कळतं, नवं चढलं. ह्या भाताला वास हाय का? न्हाई. मंग त्ये देवापुढं ठेवायचं, का तसंच आदी खायाचं? दोन्हीतलं एक बी केलं तर मान तुमच्याकडं ऱ्हात न्हाई. मी म्हनतो म्हनून न्हवं. गाव म्हनंल."

"गाव म्हंजी तूच की," नथू म्हणाला.

"नथ्या," आबा म्हणाले.

बजरंगनं घसा साफ केला. खात्यात लोकांची भांडणं मिटवायचा त्याला सराव होता, आणि तो सराव घरी वापरायची त्याला वाईट खोड होती.

"हे बघा, वाद कशाला? देवाला खायचं चालत न्हाई, इकायचं चालतं. मागं चाललंय. उद्या कामशेतला निरोप धाडू, व्यापारी गाडी घेऊन यील. अख्खी रास इकू. त्यात घरावर मंगलोरी कौलं पडतील. पेंढ्याचा प्रश्न कायमचा मिटला. देवाचं खाचर पिकलं की दरवर्षीसारखं नवं चढंल, ठाकरवाडीचं बी त्यातनंच देऊ. मान बी राहिला, घर बी झालं."

विठ्ठलनं मान डोलावली. त्याला कौलं नको होती, पण ही रास आबांच्या घरात न राहता गेली तर बरं, एवढं त्याला नक्की होतं. आणि खरं सांगायचं तर आबांनाही ते पटत होतं. करंजोळ्यात पहिलं कौलारू घर. खालून येणाऱ्या माणसाला लांबून लाल दिसेल आणि तो विचारील, ते कुणाचं? त्यांनी नथूकडे बघितलं. नथूचं तोंड पडलं होतं. पण बापाच्या आणि थोरल्या भावाच्या बेतावर तो काय बोलणार? रास त्याची होती, पण जमीन, घर, मान सगळं आबांचं होतं.

"बरं हाय," आबा म्हणाले. "धाड निरोप."

आतल्या दाराशी बयाबाई, आबांची बायको, उभी होती. तिच्या हातात पितळेचं ताट होतं, देवाचं. बाकी भांड्यांना ती राख लावायची, ह्या एका ताटाला चिंच. सासू गेल्यापासून बहिरोबाचा नैवेद्य तिनंच रांधला होता. ह्या घरच्या मानाचा अभिमान आबांना नव्हता एवढा तिला होता. वर्षातल्या त्या एका दिवशी गावातल्या सगळ्या बाया तिच्यामागून देवळाकडे चालायच्या, आणि ती पुढे, ताट धरलेल्या आबांच्या पाठोपाठ, डोक्यावरचा पदर न सावरता. सकाळपासून ती आबांच्याच बाजूची होती. सुनेला, नथूच्या नंदाबाईला, तिनं सकाळी झापलंही होतं, कारण नंदाबाईनं राशीतलं सूपभर भात मागितलं होतं.

"आत्याबाई, नाचनी दोन दिसांची बी न्हाई," नंदाबाई म्हणाली होती.

"मंग पातळ कर," बयाबाईनं उत्तर दिलं होतं.

पण आता ओसरीवरून "अख्खी रास इकू" हे शब्द आत आले, आणि तिचा हात ताटावर थांबला.

तिला आठवलं ते तिचं स्वतःचं लग्न. माहेरच्यांनी सांगितलं होतं, पोरगी आंबेमोहराच्या घरात पडली. पडली खरी. लावला तिनं, कापला तिनं, झोडला तिनं, उखळात मुसळाखाली सडला तिनं. सडताना त्याचा वास सगळ्या घरात भरायचा. मग तो तांदूळ गाडीत बसून कामशेतला जायचा, तिथून पुण्याला, लोणावळ्याच्या आणि खंडाळ्याच्या बंगल्यांत, आणि तिथल्या पानांत पडायचा. घरात राहायची नाचणी, वरई, आणि कण्या. मावळचा आंबेमोहर म्हणून ज्याचं कौतुक लोक करतात, तो मावळातल्या बाईनं पोटभर खाल्लेला नाही. हे कुणी बोलत नाही, कारण बोलायला लाज वाटते, आणि ज्यांना वाटायला पाहिजे त्यांना वाटत नाही.

ही रास तिनं काल बघितली होती आणि पहिल्यांदा तिच्या मनात आलं होतं, हे विकून सुद्धा उरेल. हे घरात उरेल.

ती ओसरीवर आली. पुरुष बसलेले असताना ती कधी उंबऱ्याच्या बाहेर उभी राहत नसे.

"कुटली रास इकताय?" तिनं विचारलं.

"आई, अगं, कौलं..." बजरंग सुरू झाला.

"तुला न्हाई इचारलं. त्येनला इचारती."

आबांनी वर बघितलं. "तू आत जा."

"जाती की. एक सांगा आन् जाती. ह्या घरात येऊन मला किती वरसं झाली ते जाऊ द्या. ह्या वरसांत मी आंबेमोहर खाल्ला कवा? देवाचा परसाद म्हनून हातावर घास पडला तेवढा. त्यो बी आदी पोरांच्या हातावर, मंग माझ्या. वासावर जगली मी, अवो. वासानं प्वाट भरत आसतं तर मी हत्तीन झाली आसती."

विठ्ठल हसला. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि त्याचं हसू जागच्या जागी विरलं.

"हसू नगं विठ्ठल. तुजी आई बी तशीच गेली. इचार तुज्या बायकोला, ती काय खाती."

दारामागे नंदाबाई होती. सासूनं सकाळी झापलेली ती, आता एक पाऊल पुढे येऊन तिच्या मागे उभी राहिली.

"आन् देवाचं म्हनता," बयाबाई पुढे म्हणाली, "तर नैवेद्य मी रांधती. तुमी नुसतं ताट धरून जाता. देवाला काय आवडतं ते तुमच्यापरीस मला जास्त ठावं हाय. ज्ये घरात शिजतं त्ये देवापुढं. आवंदा घरात ह्ये शिजनार. उद्या नवं चढंल. ह्याचंच चढंल."

"वास न्हाई त्याला, काकी," विठ्ठल म्हणाला, पण आवाजात मघाचं वजन नव्हतं.

"न्हाई. मला बी नगं वास."

ती ओसरीवरून उतरली, खळ्यावर गेली. सगळे बघत होते. येसू आणि तिच्या बाया अजून पाट्यांवर बसून होत्या, त्या उठून उभ्या राहिल्या. बयाबाई राशीपाशी थांबली. मग उजव्या पायानं तिनं राखेची रेघ पुसली. एका जागी. एक माणूस आत जाईल एवढी. आत गेली आणि देवाच्या ताटानंच राशीतलं भात भरून घेतलं.

आबा जागचे हलले नाहीत. भावकीला वाटलं, आता हा माणूस उठेल आणि बायकोला हाताला धरून आणेल. त्यांचा हात त्या कामाला नवा नव्हता, हेही सांगून टाकतो.

पण आबांना दिसत होती दोरी. पंधरा वर्षांपूर्वी तेही नथूसारखेच बापाच्या शब्दाखाली होते. भातलावणीची जपानी पद्धत नवी आली होती. त्यांनी पालापाचोळ्याचा राब भाजायचा सोडून गादीवाफ्यावर रोप केलं आणि दोरी लावून ओळीत लावणी सुरू केली. त्यांचे वडील कोंडाजी बांधावरून विळा घेऊन आले आणि शब्द न बोलता दोरी कापली. "शेत हाय का पोलिसांची पलटन?" एवढंच म्हणाले आणि गेले. लावणीच्या बायका चिखलात उभ्या राहिल्या. सगळं थांबलं. तेव्हा कापलेल्या दोरीची दोन टोकं चिखलातून उचलून गाठ मारली ती बयाबाईनं. सासरा बांधावर उभा असताना. गाठ मारली, एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं आबांच्या अंगावर टाकलं. त्या साली भात दीडपट आलं. पुढच्या लावणीला कोंडाजी आले, काही बोलले नाहीत, आणि दोरीचं टोक धरून उभे राहिले. दिवसभर. ती गोष्ट आबांनी गावात कितीदा तरी सांगितली होती. माझ्या बापानं दोरी धरली, अशी. गाठ कुणी मारली ते त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

"बजरंग," आबा म्हणाले.

"जी."

"कामशेतला निरोप धाडू नगंस. कौलं फुडच्या साली बगू."

"आबा, अवो, पण मान..."

"मान माझा हाय. ठिवायचा का सोडायचा ते मी बगीन."

नंदाबाई केव्हाच खळ्याकडे पळाली होती. थोड्या वेळात घरातून मुसळाचा आवाज यायला लागला. एक नाही, दोन. सासू आणि सून आळीपाळीनं.

सकाळी आबा देवळाकडे निघाले. ताट बयाबाईनं त्यांच्या हातात दिलं नाही. ती स्वतः घेऊन पुढे चालली. मागे गावातल्या बाया होत्या, नेहमीच्या सगळ्या नाहीत, पण होत्या. ठाकरवाडीच्या बाया त्यांच्या मागे आल्या, ह्याआधी त्या कधी आल्या नव्हत्या. नथू धुतलेला सदरा घालून बापाच्या बाजूला चालत होता. त्याला कळत नव्हतं की मान खाली घालून चालावं का वर करून. बजरंग त्याच्या कानाशी म्हणाला, "नथ्या, मान वर कर. बियानं तू आनलंयस." हे ऐकून नथूनं भावाकडे असं बघितलं की बजरंगलाच लाजल्यासारखं झालं.

जानू गुरवानं ताटावरचं फडकं काढलं. जाडा, पांढरा भात, वर गुळाचा खडा. वाफ येत होती. त्यानं नाक पुढे केलं आणि मागे घेतलं.

"आबा, ह्याला वास..."

"देव गिऱ्हाईक न्हाई जानू. ठेव फुडं."

जानूनं विठ्ठलकडे बघितलं. विठ्ठल दोन माणसांना घेऊन खांबाशी उभा होता. "ठेव," तो म्हणाला, "पर मंग मानाचा नारळ आमी फोडनार. आमचं ठरलंय तसं."

सगळ्यांना वाटलं, आता जुंपणार. आबांनी नारळ हातात घेतला. तो नारळ त्यांच्या बापानं फोडला होता, त्याच्या बापानं फोडला होता. त्यांनी तो अंगठ्यानं एकदा पुसला आणि विठ्ठलच्या हातात ठेवला.

"घे. तुज्या घराला लय दिसांची भूक हाय ह्याची. आमची भूक येगळी हुती."

विठ्ठलनं नारळ घेतला. आता फोडावं की थांबावं, ह्या गोंधळात त्यानं तो दोनदा आपटला तेव्हा कुठे फुटला. भात देवापुढे ठेवला गेला. बहिरोबाच्या शेंदरी तोंडावर नेहमीचेच डोळे होते. वाजंत्र्यानं वाजवलं. आबा देवळातून बाहेर पडले ते तसेच, ताठ, पागोटं सरळ, जसे दरवर्षी पडायचे. उलट ह्या वेळी जरा जास्तच ताठ, असं मागून चालणारी येसू कुणाला तरी म्हणाली.

घरी आल्यावर आबांनी पहिलं काम केलं ते हे की खळ्यावर जाऊन ठाकरवाडीच्या पाट्या स्वतः भरल्या. मोजायचं माप बाजूला ठेवलं, ओंजळीनं भरल्या आणि वर रास होईपर्यंत भरल्या. येसूनं पाटी डोक्यावर घेतली तेव्हा तिची मान दबली.

"आबा, वज्जं जास्ती झालं."

"दोन खेपा कर," आबा म्हणाले.

दुपारी चुलीवरचं पातेलं उतरलं. नंदाबाईनं पानं घेतली, आधी आबांचं, मग बजरंगचं, नथूचं, पोरांची. बयाबाई नेहमीप्रमाणे वाढायला उभी राहिली.

"तू बस," आबा म्हणाले.

"आं?"

"बस म्हनतो. नंदे, हिला वाढ."

बयाबाईला बसावं कसं ते क्षणभर कळेना. मग ती बसली, भिंतीला पाठ लावून. नंदाबाईनं वाढलं. जाडा भात, वर आमटी. बयाबाईनं कालवला. पहिला घास घेतला, सावकाश चावला. ती जेवत होती, नुसती जेवत होती.

"कसा हाय, आई?" नथूनं शेवटी विचारलं.

"जाडा हाय," ती म्हणाली. "वाढ गं नंदे."

नंदाबाईनं पुन्हा वाढला. मग तिसऱ्यांदा वाढला. देवाच्या खाचरावरून वारा आला आणि हिरव्या आंबेमोहराचा वास त्याच्याबरोबर घरात शिरला. कुणी मान वर केली नाही.

दारात कुणाचीतरी सावली पडली. विठ्ठल होता. एका हातात मानाच्या नारळाची कवड, दुसऱ्या हातात रिकामी पायली. तो उंबऱ्याबाहेर उभा राहून खाली बघत होता.

"आबा, वाईच बियानं मिळंल का? फुडल्या साली म्हटलं..."

आबांनी तोंड उघडलं. बजरंगनं पाटावरून उठायला गुडघा वळवला. नथू आधीच अर्धा उठला होता.

"बसा खाली समदी," बयाबाई म्हणाली. घास तोंडात असल्यानं तिचा आवाज जड येत होता. "थांब म्हनावं त्येला. माजं जेवान व्हायचंय."